किटी वेल्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंट्री म्युझिकचा, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकगीतांमधनं आलेल्या संगीताचा, विषय निघाला की डॉली पार्टन बहुतेकांना माहीत असते, पॅट्सी क्लाइन थोड्या जणांना, आणि किटी वेल्स म्हटलं की समोरचा माणूस गप्पच होतो. मला हे मनाला लागतं. ह्या दोघींना जी वाट मिळाली ती पाडली किटीनं, आणि तेही तीन लेकरांची आई असताना, गाणं सोडून घरी बसायचा विचार चाललेला असताना. म्हणून लोक मला जे जे विचारतात ते सगळं इथे एकत्र लिहून काढलंय, कुठे जास्त लिहिलं गेलंय कुठे कमी.

किटी वेल्स म्हणजे नक्की कोण?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॅशव्हिलला जन्मलेली गायिका. जन्म ३० ऑगस्ट १९१९, गेली १६ जुलै २०१२ ला, म्हणजे ९२ वर्षांचं आयुष्य. १९५२ च्या ऑगस्टमध्ये तिचं गाणं बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, एक नंबरला पोचलं आणि एकट्या बाईच्या नावावर असं होण्याची ती पहिलीच वेळ होती. हा चार्ट १९४४ पासून सुरू होता, म्हणजे आठ वर्षं तिथे एक नंबरला एकटी बाई म्हणून कोणीच पोचलं नव्हतं. रेकॉर्ड कंपन्या, रेडिओवाले, गावोगाव शो लावणारे, सगळ्यांचं ठाम मत होतं की बाईच्या रेकॉर्ड खपत नाहीत आणि बाईच्या नावावर तिकिटं जात नाहीत. त्यामुळे बायका गायच्या त्या बहिणीबहिणींच्या ग्रुपमध्ये, नाहीतर नवऱ्याच्या बँडमध्ये मध्येच दोन गाण्यांपुरत्या.

हे तिचं खरं नाव आहे का?

नाही. खरं नाव एलन म्युरिअल डीझन, घरचे म्युरिअल म्हणायचे. १९४३ च्या सुमारास ती आणि तिचा नवरा नॉक्सव्हिलच्या रेडिओवर गायचे, तिथे म्हणणं पडलं की म्युरिअल डीझन हे नाव लोकांच्या लक्षात राहणार नाही. मग नवऱ्यानं 'स्वीट किटी वेल्स' ह्या जुन्या गाण्यातनं नाव उचललं आणि तेच पुढे सत्तर वर्षं चाललं.

लहानपण कसं होतं, घरात गाणं होतं का?

होतं, दोन्ही बाजूंनी होतं. वडील टेनेसी सेंट्रल रेल्वेत ब्रेक्समन होते आणि गिटार वाजवायचे, आई चर्चची भजनं गायची. गिटार तिला वडिलांनीच शिकवली. पण मंदीचे दिवस होते, शाळा सोडावी लागली आणि ती शर्टांच्या कारखान्यात इस्त्रीच्या कामाला लागली, आठवड्याला ९ डॉलर पगारावर. मला हे कायम आठवतं तिची गाणी ऐकताना, कारण पुढे ज्या बायका तिच्या रेकॉर्ड विकत घ्यायच्या त्यातल्या कितीतरी जणी अशाच कारखान्यात नाहीतर शेतावर राबणाऱ्या होत्या, त्यांना तिच्यात आपल्यातलीच एक बाई दिसायची.

एक किस्सा सांगायलाच हवा. १९३६ मध्ये ती, तिच्या बहिणी आणि एक चुलत बहीण अशा मिळून डीझन सिस्टर्स नावानं नॅशव्हिलच्या एका रेडिओ स्टेशनवर गायला गेल्या. कार्टर फॅमिली ह्या तेव्हाच्या गाजलेल्या गाणाऱ्या कुटुंबाचं 'जेलस हार्टेड मी' गात होत्या, आणि त्यातली एक ओळ स्टेशनवाल्यांना जरा जास्तच वाटली म्हणून गाणं मध्येच बंद पाडलं. ऐकणाऱ्यांना मात्र मुली आवडल्या होत्या, आणि मग त्याच स्टेशनवर त्यांना पहाटेचा कार्यक्रम मिळाला. सोळा-सतरा वर्षांची पोर होती ती तेव्हा, आणि बरोबर सोळा वर्षांनी तिच्या बाबतीत हेच परत घडलं, ते खाली येतंच आहे.

नवरा कोण, तोही गायचा का?

जॉनी राइट. लाकूडकाम करणारा, कपाटं बनवायचा, आणि गाण्याचं प्रचंड वेड. १९३७ मध्ये लग्न झालं, ती अठराची होती. सुरुवातीला हे दोघं आणि जॉनीची बहीण लुईस असे तिघं गायचे. मग जॉनीला जॅक अँग्लिन भेटला, जॅकनं पुढे लुईसशी लग्न केलं, म्हणजे मेहुणामेहुणीचा हा सगळा घरचाच मामला झाला, आणि 'जॉनी अँड जॅक' ही जोडी जमली. १९५१ मध्ये त्यांचं 'पॉइझन लव्ह' चाललं. ह्या सगळ्यात किटी काय करत होती, तर मुलं सांभाळत होती, गाडीतनं त्यांच्याबरोबर ह्या रेडिओ स्टेशनवरनं त्या रेडिओ स्टेशनवर हिंडत होती, आणि शोमध्ये मध्ये एखादं गाणं म्हणत होती. रूबी, बॉबी आणि कॅरल सू अशी तीन मुलं.

१९५२ च्या आधी तिची काहीच रेकॉर्ड आली नव्हती का?

आली होती, चालली नाही. १९४८ मध्ये हे सगळे श्रीव्हपोर्टला गेले, तिथे 'लुईझियाना हेराइड' नावाचा शनिवारचा रेडिओ शो नुकताच सुरू झाला होता. त्याच स्टेशनवर किटी रॅग डॉल नावानं रेकॉर्डही वाजवायची आणि गोधड्यांसाठी लागणारे कापडाचे तुकडे विकायची, हो, रेडिओवरनं. १९४९-५० मध्ये आर.सी.ए. कंपनीनं तिच्या काही रेकॉर्ड काढल्या, त्यात 'डेथ ॲट द बार' सारखी गाणी होती, थोडी देवाधर्माची होती. कंपनीनं त्यांच्यासाठी फारसं काही केलं नाही आणि थोड्याच दिवसांत तिला सोडून दिलं. माझं मत असं की आवाज तेव्हाही तोच होता, आजही त्या रेकॉर्ड ऐकल्या तर कळतं. फक्त जे गाणं बाईनंच गायला पाहिजे असं गाणं तिला कोणी दिलं नव्हतं.

हॉंकी टॉंक म्हणजे काय? हा शब्द सारखा येतो.

दारूचा गुत्ता म्हणा, पण त्यात नाचायला जागा आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणारं मशीन. टेक्सासच्या तेलाच्या गावांमध्ये, १९३३ ला दारूबंदी उठल्यावर हे भरपूर वाढले. दिवसभर काम करून आलेली माणसं, गोंगाट, त्यामुळे संगीतही तसंच लागायचं, मोठ्या आवाजाचं, ठेका पक्का, आणि वरनं स्टील गिटारची रडणारी तान. ही स्टील गिटार म्हणजे मूळची हवाई बेटांची, आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना ज्या हवाईयन गिटारवर वाजवलेल्या ऐकू यायच्या ना, तिचीच बहीण, त्यामुळे मराठी कानाला हा आवाज मुळीच परका वाटत नाही, ऐकून बघा.

गाण्यांचे विषयही त्या जागेचेच असायचे: दारू, फसवणूक, मोडलेले संसार. आणि गाणारे सगळे पुरुष. गाण्यातली बाई बहुतेक वेळा दोषी, ती घर सोडून गेली, ती बारमध्ये बसली, तिनं माझं वाटोळं केलं.

मग ते प्रसिद्ध गाणं कशाबद्दल आहे?

१९५२ मध्ये हॅंक थॉम्पसनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' तुफान चाललं होतं, १५ आठवडे एक नंबरला. त्यातला पुरुष म्हणतो की माझी बाई मला सोडून पुन्हा त्या रात्रीच्या, बारच्या दुनियेत गेली, देवानं अशाही बायका घडवल्यात हे मला आधी कळायला हवं होतं. अशा बायकांना तो हॉंकी टॉंक एंजल म्हणतो.

लुईझियानात क्रॉली नावाच्या गावात जे. डी. मिलर नावाचा माणूस राहायचा, स्टुडिओ चालवायचा, गाणी लिहायचा. त्यानं ह्या गाण्याला उत्तर लिहिलं, 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉंकी टॉंक एंजल्स'. गाण्यातली बाई ज्यूकबॉक्सवर हॅंक थॉम्पसनचंच गाणं वाजताना ऐकत बसलीय, आणि तिचं म्हणणं असं की बाबा, ह्यात देवाला कशाला ओढतोस, लग्न झालेले पुरुष स्वतःला सडे समजून फिरतात आणि चांगल्या घरच्या पोरींचं आयुष्य त्यांच्यामुळे बिघडतं. बस एवढंच. त्यात आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. पण हे रेडिओवरनं, एका साध्या घरगुती बाईच्या आवाजात, सगळ्या देशाला ऐकू आलं.

आपल्याकडे कलगी-तुऱ्यात एकानं सवाल टाकायचा आणि समोरच्यानं जवाब द्यायचा, तशीच ही रीत समजा. अमेरिकेत तेव्हा अशा उत्तराच्या गाण्यांची फॅशनच होती. फरक इतकाच की ह्या वेळी मूळ गाण्यापेक्षा जवाबच लोकांच्या जास्त लक्षात राहिला.

मिलरबद्दल एक गोष्ट लपवणार नाही. ह्याच माणसानं पुढे काळ्या कलाकारांच्या ब्लूजच्या अप्रतिम रेकॉर्ड केल्या आणि साठच्या दशकात काळ्या लोकांचा द्वेष करणारी गाणीही विकली. एवढं न्यायाचं गाणं लिहिणारा माणूस तिकडे असा वागला, हे मला अजून पचत नाही, पण खरं आहे म्हणून लिहिलं.

दोन्ही गाण्यांची चाल एकच वाटते, चोरी आहे का?

कान चांगला आहे तुमचा. चाल एकच आहे, आणि ती ह्या दोघांचीही नाही. १९२९ मध्ये कार्टर फॅमिलीनं 'आयम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज' ह्याच चालीत रेकॉर्ड केलं, १९३६ मध्ये रॉय एकफनं 'द ग्रेट स्पेकल्ड बर्ड' हे धार्मिक गाणं ह्याच चालीत गायलं, आणि मुळात ती त्याहूनही जुनी लोकांमधली चाल. आपल्याकडे एकाच चालीवर किती अभंग, किती ओव्या म्हटल्या जातात, तसंच. उलट चाल तीच ठेवल्यामुळे जवाब जास्त झोंबतो, पहिले दोन सूर वाजले की ऐकणाऱ्याला कळतंच हे कुणाला उद्देशून चाललंय.

१२५ डॉलरची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. १९५२ मध्ये जॉनी अँड जॅक ग्रँड ओल ऑप्रीवर आले म्हणून सगळे नॅशव्हिलला परत आले होते. ऑप्री म्हणजे नॅशव्हिलचा दर शनिवारचा रेडिओ शो, कंट्रीवाल्यांची पंढरीच म्हणा. किटी तोपर्यंत गाण्याला कंटाळली होती, आता घर आणि मुलं बघावीत असं तिच्या मनात होतं. तेवढ्यात डेक्का कंपनीच्या पॉल कोहेननं जॉनीमार्फत विचारलं की हे उत्तराचं गाणं तुझी बायको गाईल का. किटीला गाणं काही फार ग्रेट वाटलं नाही. पण रेकॉर्डिंगचे ठरलेले १२५ डॉलर मिळणार होते, ते घराला उपयोगी पडतील म्हणून ती हो म्हणाली.

३ मे १९५२ ला नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग झालं. शॉट जॅक्सनची स्टील गिटार, पॉल वॉरनची फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि बेसवर स्वतः जॉनी. ती घरी गेली आणि विसरूनही गेली. नंतर तेव्हाचा मोठा कंट्री गायक हॅंक विल्यम्स, त्याची बायको ऑड्री कुठेतरी बाहेरगावी जाऊन आली आणि तिनं येऊन सांगितलं की अगं, जिथे जाईन तिथे रेडिओवर तुझंच गाणं लागलंय, तेव्हा कुठे बाईंना पत्ता लागला.

२३ ऑगस्टला गाणं एक नंबरला गेलं आणि सहा आठवडे तिथेच राहिलं. पुढच्याच आठवड्यात तिला तेहतीस वर्षं पूर्ण झाली. पहिल्या फेरीतच आठ लाखांवर रेकॉर्ड खपल्या आणि पॉपच्या चार्टवरही ते २७ नंबरपर्यंत चढलं. बाईच्या रेकॉर्ड खपत नाहीत म्हणणाऱ्यांना ह्यापुढे दुसरं काहीतरी कारण शोधावं लागलं.

गाण्यावर बंदी आली होती का?

आली होती. एन.बी.सी. रेडिओनं हे गाणं वाजवायला नकार दिला, म्हणे सूचक आहे, आणि सुरुवातीला ऑप्रीवरही तिला ते गाता येत नव्हतं. आता गंमत बघा, हॅंक थॉम्पसननं तीच गोष्ट पुरुषाच्या बाजूनं सांगितली तेव्हा कुणाला काही सूचक वाटलं नाही. तोच बार, तीच बाई, तीच चाल. फक्त बोट कुणाकडे दाखवलंय ते बदललं आणि लगेच गाणं घाणेरडं झालं. ह्या दुजाभावाचा मला आजही राग येतो. पण ज्यूकबॉक्सवर काय वाजणार ते नाणं टाकणारा ठरवतो, दुकानात काय खपणार ते गिऱ्हाईक ठरवतं, त्यामुळे बंदी फार टिकली नाही आणि त्याच वर्षी ती ऑप्रीची मेंबर झाली.

पण ती पहिली बाई नव्हतीच ना? कार्टर फॅमिली होती की आधी.

बरोबर, आणि हे सांगायलाच पाहिजे नाहीतर आधीच्यांवर अन्याय होतो. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावी जी रेकॉर्डिंग झाली त्यात सारा कार्टर गात होती आणि मेबल कार्टर गिटार वाजवत होती, मेबलची ती गिटार वाजवायची पद्धत तर पुढच्या सगळ्यांनी उचलली. १९३५ मध्ये पॅट्सी मॉन्टॅनाचं काउबॉयच्या प्रेयसीचं गाणं प्रचंड चाललं. मॉली ओडे, रोझ मॅडॉक्स, ह्याही जबरदस्त गायिका, मॉली ओडे तर मला स्वतःला फार आवडते. मग किटीचं वेगळं काय, तर चार्टचा एक नंबर हे एक झालंच, पण त्याहून मोठं म्हणजे तिच्यानंतर कंपन्यांनी गायिका शोधायला सुरुवात केली. १९५३ मध्येच गोल्डी हिल एक नंबरवर आली, तीही उत्तराच्याच गाण्यानं, आणि त्याच वर्षी जीन शेपर्ड आली. आधीच्या बायका एकेकट्या चमकल्या होत्या, किटीच्या मागोमाग मात्र रांग लागली.

एकाच गाण्यावर सगळं नाव आहे का?

हा प्रश्न आला की मी जरा लांबलचक बोलते, सांभाळून घ्या. अजिबात नाही. १९५३ मध्ये तिनं वेब पिअर्सच्या गाण्यालाही उत्तर दिलं, तेही चाललं. १९५४ मध्ये रेड फोलीबरोबरचं 'वन बाय वन' एक नंबरला. १९५५ मध्ये 'मेकिंग बिलिव्ह' दोन नंबरवर अडकलं, कारण त्या वर्षी वेब पिअर्सचं एक गाणं २१ आठवडे एक नंबर सोडायला तयार नव्हतं. 'मेकिंग बिलिव्ह' हे माझ्या मते तिचं सगळ्यात सुंदर गाणं, त्या पहिल्या हिटपेक्षाही. गाण्यातल्या बाईला पक्कं माहितेय की तो आता आपला नाही, तरी आहे असं समजून ती दिवस काढतेय, आणि किटी ते असं गाते की कुठेही हुंदका नाही, आवाज फोडलेला नाही, कपडे वाळत घालता घालता बाई स्वतःशी बोलतेय असं वाटतं. बावीस वर्षांनी, १९७७ मध्ये, एमिलू हॅरिसनं ते पुन्हा गायलं आणि पुन्हा हिट झालं.

मग १९५६ मध्ये 'सर्चिंग'. त्याच वर्षी 'हाउ फार इज हेवन', ज्यात तिची छोटी मुलगी कॅरल सू बरोबर गातेय, वडील वारलेल्या मुलीचा आईला विचारलेला प्रश्न आहे तो, मी हे गाणं घरात कोणी असताना लावत नाही. १९५६ मध्येच तिची एलपीही आली, कंट्रीतल्या बाईनं काढलेली पहिली एलपी म्हणून ती ओळखली जाते. १९५८ मध्ये 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू', जे पुढे रे चार्ल्सच्या आवाजात जगभर गेलं ते हेच. 'अमिगोज गिटार' तर तिनं जॉन लाउडरमिल्कबरोबर स्वतः लिहिलंय, म्हणजे ती फक्त दुसऱ्यांची गाणी गायची हेही खरं नाही. १९६१ मध्ये हार्लन हॉवर्डनं लिहिलेलं 'हार्टब्रेक यूएसए' पुन्हा एक नंबर. १९५९ मध्ये डेक्कानं तिला आयुष्यभराचा करार दिला. एका गाण्याच्या भरवशावर कोणी असले करार देत नाही.

ती फेमिनिस्ट होती का?

ती स्वतः तसं कधी मिरवली नाही. स्टेजवर गिंगहॅमचा, म्हणजे चौकड्यांचा, साधा लांब फ्रॉक घालायची, कमी बोलायची, चर्चला जायची, स्वयंपाक करायची. टेनेसीच्या गव्हर्नरनं १९५४ मध्ये तिचा आदर्श दक्षिणी स्त्री म्हणून गौरव केला होता, आदर्श बायको आणि आई वगैरे. काही जण म्हणतात की बघा, ती बंडखोर नव्हतीच. काही जण उलट तिला ओढून ताणून क्रांतिकारक करतात.

मला वाटतं दोन्हीकडचे लोक गाणं नीट ऐकत नाहीत. तो जवाब लोकांनी ऐकून घेतला कारण तो अशा बाईच्या तोंडून आला जिच्याकडे कुणाला बोट दाखवता येईना. बारमध्ये बसणारी बाई हे म्हणाली असती तर तिला उडवून लावलं असतं. ही तर तीन मुलांची आई, नवऱ्याबरोबर गाडीत बसून हिंडणारी, आणि ती त्या बदनाम झालेल्या मुलींच्या बाजूनं बोलतेय, मी त्यातली नाही असं म्हणून बाजूला होत नाहीये. गाण्यात ती 'मी' म्हणून गाते. मला हे फार धीराचं वाटतं, १२५ डॉलरसाठी गायलेलं असलं तरी. आणि पैशासाठी गायलं म्हणून कमी कसं होईल, घर चालवायला पैसे लागतात, पुरुष गायक काय फुकट गात होते?

तिच्या आवाजात विशेष काय आहे, मला तर साधाच वाटला.

साधाच आहे. थोडा नाकातला, थोडी थरथर असलेला, चर्चमध्ये बायका गातात तसा सरळ. पॅट्सी क्लाइनसारखी मखमल नाही त्यात. पण नीट ऐका, ती शब्दाच्या शेवटी सूर किंचित सोडते आणि परत धरते, तेवढ्यातच सगळं दुःख येऊन जातं. हॉंकी टॉंकची गाणी चर्चच्या आवाजात, हे मिश्रण तिच्याआधी एवढं नीट कुणाला जमलं नव्हतं. शिवाय मागे ओवेन ब्रॅडलीसारखा माणूस होता ज्यानं तिच्या बऱ्याच रेकॉर्ड केल्या आणि व्हायोलिनं-कोरस वगैरेंचा भडिमार बराच काळ तिच्यावर होऊ दिला नाही. साठच्या दशकात जिथे तो झाला तिथली गाणी मला तितकी लागत नाहीत.

सगळं नवऱ्यानंच केलं असं वाचलं, खरं का?

जॉनीनं खूप केलं, मॅनेजमेंट, गाणी निवडणं, टूर, नाव सुद्धा त्यानंच दिलं. पण एक गोष्ट त्याच्याबद्दल मला मनापासून सांगायचीय. १९५२ पर्यंत तो मुख्य आणि ती जोडीला होती, नंतर हे उलटं झालं, पोस्टरवर मोठ्या अक्षरात तिचं नाव आलं, आणि तेव्हाच्या पुरुषाला हे किती अवघड गेलं असतं. त्यानं ते सहज केलं. १९६३ मध्ये जॅक अँग्लिन गाडीच्या अपघातात गेला, पॅट्सी क्लाइनच्या शोकसभेला निघाला होता, त्याच आठवड्यात पॅट्सी विमान अपघातात गेली होती. जॉनीची जोडी तुटली. पुढे १९६५ मध्ये जॉनीचं एकट्याचं 'हॅलो व्हिएतनाम' एक नंबरला गेलं आणि त्यात मागे कोरसमध्ये कोण गातंय तर किटी. नंतर एका गाजलेल्या युद्धपटाच्या सुरुवातीला ते वाजतं, तिथे तुम्ही ऐकलंही असेल. दोघांचा संसार जवळजवळ ७४ वर्षं टिकला, २०११ च्या सप्टेंबरात जॉनी ९७ व्या वर्षी गेला आणि दहा महिन्यांनी ती.

लोरेटा लिन, डॉली ह्यांच्याशी तिचा काय संबंध?

लोरेटा लिन केंटकीच्या कोळसा खाणीच्या भागातली, घरात रेडिओवर किटी ऐकत गायला शिकलेली. १९६० मधली लोरेटाची पहिली रेकॉर्ड 'हॉंकी टॉंक गर्ल' ऐका, डोळे मिटून ऐकलं तर किटीच गातेय वाटेल. लोरेटानं पुढे नवऱ्याच्या दारूबद्दल, गर्भनिरोधक गोळीबद्दल गाणी केली, किटीनं जे हळू आवाजात सांगितलं ते हिनं दणक्यात सांगितलं. १९८८ मध्ये के. डी. लॅंग ह्या गायिकेनं किटी, लोरेटा आणि ब्रेंडा ली तिघींना बोलावून एक मेडली, म्हणजे जोडून गायलेली गाणी, केली. १९९३ मध्ये डॉली, लोरेटा आणि टॅमी वायनेट तिघींनी मिळून अल्बम काढला, त्याचं नाव 'हॉंकी टॉंक एंजल्स', आणि नावाच्या गाण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या किटीला घेऊन आल्या. चार आवाज एकत्र आहेत त्यात, वयस्कर आवाज लगेच ओळखू येतो.

साठच्या दशकानंतर काय झालं?

हिट कमी होत गेले, पण ती थांबली नाही. साठच्या दशकाच्या शेवटी घरच्या सगळ्यांना घेऊन टीव्हीवर फॅमिली शो केला. १९७४ मध्ये जॉर्जियाच्या कॅप्रिकॉर्न कंपनीसाठी, जिथे लांब केसवाले रॉक बँड असायचे, तिथे 'फॉरेव्हर यंग' नावाचा अल्बम केला, बॉब डिलनचं गाणं घेऊन, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. मग घरचंच लेबल काढलं, रुबोका, म्हणजे रूबी, बॉबी आणि कॅरल ह्यांची पहिली अक्षरं, आणि १९७९ मध्ये त्या घरच्या लेबलवरचं गाणं सुद्धा चार्टवर आलं. नॅशव्हिलजवळ मॅडिसनला त्यांनी स्वतःचं छोटं म्युझियमही चालवलं. वर्षानुवर्षं गाडीनं, बसनं गावोगाव शो केले.

पुरस्कार?

१९७६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम. १९९१ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव, तो मिळालेली ती पहिली कंट्री गायिका, तिच्याआधी कंट्रीतल्या रॉय एकफ आणि हॅंक विल्यम्स दोघांनाच तो मिळाला होता. ते १९५२ चं गाणं अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात जपून ठेवलंय. आणि 'कंट्री म्युझिकची राणी' ही पदवी, ती लोकांनीच दिलेली.

शेवटचा शो कधी झाला?

३१ डिसेंबर २००० ला, नॅशव्हिलमध्येच, जॉनीबरोबर. ती ८१ वर्षांची होती, तो ८६ वर्षांचा.

मला काहीच माहीत नाही, ऐकायला कुठून सुरुवात करू?

आधी हॅंक थॉम्पसनचं 'वाइल्ड साइड ऑफ लाइफ' ऐका, पूर्ण, चांगलं गाणं आहे ते. लगेच त्यामागे किटीचं उत्तर. हा क्रम उलटा करू नका. मग 'मेकिंग बिलिव्ह', मग 'वन बाय वन', मग रात्री एकटे असाल तर 'हाउ फार इज हेवन'. आणि नंतर कधीतरी लोरेटाचं 'हॉंकी टॉंक गर्ल' लावा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, सांग बघू हे कोण गातंय.